आतली लेन, बाहेरची लेन : घरच्या स्लॉट कार ट्रॅकच्या प्रकल्प नोंदी

१ मे २०२५, गुरुवार

माझा धाकटा भाऊ लेस्टरला असतो. मार्चमध्ये तो पुण्याला आला तेव्हा त्याने सईसाठी स्लॉट कारचा एक तयार संच आणला होता. त्यात १:३२ मापाच्या दोन गाड्या, प्लॅस्टिकच्या रस्त्याचे तुकडे आणि चाप ओढायचे दोन कंट्रोलर होते. गेले दोन महिने हॉलमध्ये जमिनीवर रस्ता मांडायचा, अर्धा तास खेळायचे आणि ताटे घ्यायची वेळ झाली की सगळे उचलायचे, असा क्रम चालू होता. काल रात्री तुकडे डब्यात भरताना सईने विचारले, "बाबा, आतली गाडी नेहमी का जिंकते?" बाहेरची वाट लांब असते, असे मी सांगितले. त्यावर तिने लगेच विचारले, "मग तू आतलीच का घेतोस?"

या प्रश्नाला माझ्याकडे सभ्य उत्तर नव्हते. आज सुट्टीच्या दिवशी आम्ही ठरवले आहे की शाळा उघडण्यापूर्वी घरीच लाकडी ट्रॅक करायचा आणि दोन्ही लेन शक्य तितक्या समान ठेवायच्या. त्या कामाच्या या नोंदी.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. रस्त्यात प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच असते आणि गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला असलेला एक दात त्या खाचेत उतरतो. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात आणि दाताच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या तांब्याच्या बारीक वेण्या त्यांवर घासत वीज घेतात. सुकाणू नसतेच, हातात फक्त वेग असतो, आणि वळणावर तो जास्त झाला की गाडी खाचेबाहेर फेकली जाते. या खेळाचे सर्वांत परिचित नाव असलेले स्केलेक्सट्रिक १९५७ साली इंग्लंडमध्ये बाजारात आले. फ्रेड फ्रान्सिस यांच्या कारखान्यात आधी किल्लीच्या पत्र्याच्या गाड्या होत असत, त्यांत त्यांनी विजेची मोटर बसवली. किल्ली दिलेली गाडी सुटली की सुटली, विजेची गाडी मात्र खेळणाऱ्याच्या बोटाचे ऐकते.

३ मे, शनिवार

आज दिवसभर कागद, पेन्सिल आणि पतंगाचा मांजा. पूर्ण प्लायवुडच्या मापाचा, म्हणजे ८ फूट बाय ४ फुटांचा बोर्ड धरून मी चार आराखडे काढले. दोन खाचांमध्ये ९० मिमी अंतर ठेवायचे ठरले, कारण साडेचार मीटरची खरी मोटार १:३२ मापात सुमारे १४० मिमी लांब आणि जेमतेम ५६ मिमी रुंद होते. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांमध्ये ३४ मिमी जागा उरते आणि मागची बाजू थोडी घसरली तरी चालते.

माझी समजूत अशी होती की लंबगोलाच्या एका बाजूला उलट दिशेचे वळण घातले, म्हणजे रस्ता काजूच्या बीसारखा केला, की बाहेरची लेन त्या ठिकाणी आतली होईल आणि लांबीतला फरक बराचसा भरून निघेल. सईने दोन्ही लेनवर मांजा बसवून मापे घेतली. साध्या लंबगोलात फरक ५६ सेंटीमीटर आला. काजूच्या आकारातही ५६ आला. तिने चुकून तोच कागद दोनदा मोजला असेल असे वाटून मी स्वतः मोजले, तरी उत्तर तेच.

थोडा वेळ डोके खाजवल्यावर कारण लक्षात आले आणि इतके दिवस ते कसे सुचले नाही याचे नवल वाटले. कुठल्याही बंद वाटेवर एक फेरी मारून गाडी पुन्हा पहिल्या जागी, पहिल्याच दिशेला तोंड करून आली, तर ती एकूण ३६० अंशांतून वळलेली असते. मध्ये उजवे वळण घातले तर ते फेडण्यासाठी तेवढेच डावे वळण दुसरीकडे वाढते. म्हणून बाहेरच्या आणि आतल्या लेनमधला फरक रस्त्याच्या आकारावर अवलंबून राहतच नाही. तो नेहमी लेनमधल्या अंतराच्या २π पट, म्हणजे ९० मिमीसाठी ५६५ मिमी असतो. त्याला अपवाद इंग्रजी आठ आकड्याचा. त्यात डावी आणि उजवी वळणे एकमेकांना पूर्ण छेदून टाकतात आणि दोन्ही लेन समान लांबीच्या होतात.

हे ऐकताच सईने तेलखडूने आठ काढून आणला. पण आठमध्ये रस्ता स्वतःलाच ओलांडतो. समपातळीवर ओलांडायचे तर तिथे तांब्याची पट्टी तोडावी लागते आणि गाड्या आडव्या धडकतात. पूल बांधायचा तर बोर्ड घडी करून दाराआड ठेवता येत नाही. आमच्या दोन खोल्यांत घडीची अट मोडता येण्यासारखी नाही. शेवटी काजूचा आकार कायम केला: आतली लेन ५.२८ मीटर, बाहेरची ५.८४. या फरकाचे काय करायचे ते पुढे पाहू.

१० मे, शनिवार

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिमी जाडीचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकासह दाबून केलेला बोर्ड, आणला. प्लायवुडमध्ये थरांमुळे खाचेच्या कडा फुटतात, एमडीएफ लोण्यासारखा कापला जातो. मात्र पूर्ण बोर्डाचे वजन २६ किलोच्या आसपास भरते आणि तो आमच्या लिफ्टमध्ये कोणत्याही कोनातून शिरत नाही, हे मी दुकानात उभा असताना आठवले हे नशीब. तिथेच मधोमध कापून ४ बाय ४ चे दोन तुकडे करून घेतले. संध्याकाळी बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन ५ मिमी रुंदीची तांब्याची चिकटपट्टी, एलईडी माळांसाठी मिळतो तसला १२ व्होल्टचा पुरवठा आणि दीड चौरस मिमीची वायर घेतली.

११ मे, रविवार

दोन्ही अर्ध्यांना खालून बिजागऱ्या, आणि जोडाच्या कडेत दोन लाकडी खुंट्या बसवल्या. बोर्ड उघडला की खुंट्या भोकांत बसतात आणि दोन्ही भाग आडवे सरकत नाहीत.

१८ मे, रविवार

काल आणि आज गच्चीवर खाचा पाडल्या. शेजारच्या इमारतीत फर्निचरचे काम करणाऱ्या मिस्त्रींनी ट्रिमर, म्हणजे लाकडात खाच पाडायचे विजेचे यंत्र, दोन दिवसांसाठी दिला आणि सोबत सल्लाही: "एका दमात खोल जाऊ नका." मी गेलो. ७ मिमी खोलीसाठी ३ मिमीचे पाते एकदम उतरवले आणि हातभर अंतर कापून झाल्यावर ते मोडले. दुसऱ्या पात्याने अडीच-अडीच मिमी असे तीन वेळा फिरवले आणि काम सुरळीत झाले. वळणांसाठी प्लायवुडच्या पट्टीचा कंपास केला होता. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला ट्रिमर, आणि कोपऱ्यांच्या वळणांवर आतल्या लेनसाठी २५० मिमी, बाहेरच्या लेनसाठी ३४० मिमी त्रिज्या. एमडीएफची धूळ पिठाहून बारीक असते आणि तिच्यात डिंकाचा अंश असतो. यंत्र चालू असताना मी मुखपट्टी लावली होती आणि सईला जिन्याच्या दाराआड थांबवले होते. ती दाराच्या फटीतून सूचना देत होती.

तिचे काम नंतर सुरू झाले. एका गाडीचा दात सोडवून तिला दिला आणि तो दोन्ही खाचांतून बोटाने फिरवायला सांगितले. आतल्या खाचेत तो विनातक्रार फिरला. बाहेरच्या खाचेत, कंपासचे वळण संपून सरळ पट्टी सुरू होते तिथे, दोन ठिकाणी अडला. मला डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नव्हते. बोट फिरवल्यावर केसाएवढी पायरी लागली. हॅक्सॉ ब्लेडला पॉलिश पेपर गुंडाळून ती काढली.

दोन अर्ध्यांच्या जोडावर एक युक्ती केली. गाड्या एकाच दिशेने धावणार आहेत, म्हणून ज्या बाजूला दात प्रवेश करतो त्याच बाजूच्या खाचेचे तोंड कानशीने किंचित रुंद केले. अर्धा मिमी इकडेतिकडे झाले तरी दात तिथे आपटणार नाही.

२६ मे, सोमवार

ही नोंद लिहिताना मन खट्टू आहे. यंदा मोसमी पाऊस पंधरवडाभर आधी, आजच पुण्या-मुंबईत दाखल झाला, आणि त्याआधीच्या वळवानेही आठवडाभर उसंत दिली नव्हती. बोर्ड गच्चीवर ताडपत्रीखाली होता. मी त्याला सीलर लावला नव्हता, कारण जूनपर्यंत पाऊस येत नसतो अशी माझी पक्की खात्री होती. ताडपत्रीचे एक टोक उडाले आणि एका कोपऱ्यात पाणी मुरले. एमडीएफ पाणी प्याला की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. साधारण ४० सेंटीमीटर लांबीत खाच इतकी आक्रसली आहे की दात आत जातच नाही.

सईने वाकून पाहिले आणि म्हणाली, "ही पण बाहेरचीच लेन." खरेच, कड बाहेरच्या लेनच्याच बाजूची होती.

१ जून, रविवार

बोर्ड आठवडाभर पंख्याखाली उभा ठेवून वाळवला. फुगलेला भाग पॉलिश पेपरने सपाट केला, खाच पुन्हा ब्लेडने घासून ३ मिमीवर आणली आणि जिथे कड भुरभुरली होती तिथे लांबीचा हात दिला (मापाची लांबी नव्हे, रंगाऱ्याची). मग सर्व बाजूंना, खाचेच्या आतसुद्धा, सीलरचे दोन हात आणि वर राखाडी रंगाचे दोन हात दिले. चकचकीत रंग मुद्दाम टाळला, कारण रबरी चाकांना खडबड लागते.

८ जून, रविवार

आज पट्ट्या चिकटवल्या. खाचेच्या दोन्ही कडांना लागून तांब्याची पट्टी बसवायची आणि चमच्याच्या पाठीने दाबायची. वळणावर पट्टीला आतल्या कडेला सुरकुत्या पडतात. त्या एकदम न दाबता दोन-तीन सेंटीमीटर पुढे जात दाबल्या की जिरतात. सईचे हात लहान असल्याने हे काम तिला माझ्याहून चांगले जमले. आतली लेन तिने केली. बाहेरची मी केली, रोलचे उरलेले तुकडे एकावर एक चढवत.

वीज जोडली, मल्टिमीटर लावला, सगळीकडे १२ व्होल्ट. गाडी सोडली तर आतल्या लेनवर पळाली आणि बाहेरच्या लेनवर लांबच्या कोपऱ्यात मरगळली. मल्टिमीटर मात्र तिथेही १२ दाखवत राहिला. यातले मर्म असे की मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे वाटेतला अडथळा त्याला जाणवत नाही. गाडी प्रवाह ओढते तेव्हाच व्होल्ट खाली येतात. म्हणून मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. होल्डरमध्ये बसवून त्याच्या दोन तारा पट्ट्यांवर टेकवत न्यायच्या. खोलीतले दिवे मालवले आणि सई बल्ब घेऊन ट्रॅकभोवती हळूहळू फिरली. आतल्या लेनवर उजेड सगळीकडे सारखा होता. बाहेरच्या लेनवर प्रत्येक तुकड्याच्या जोडापाशी तो एक पायरी उतरत गेला आणि लांबच्या कोपऱ्यात वात सरकलेल्या पणतीसारखा लालसर झाला. बल्ब लावलेला असताना तिथे मोजले तर ८.९ व्होल्ट भरले.

चूक माझी होती. पट्टीच्या खालचा चिकट थर वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून एका तुकड्यावर दुसरा चढवला की तांबे तांब्याला टेकत नाही. प्रत्येक जोडावर सोल्डरचा डाग दिला आणि तो कानशीने सपाट केला, नाहीतर गाडीची वेणी त्यावरून उडते. शिवाय बोर्डाखालून जाड वायर नेऊन प्रत्येक लेनला चार ठिकाणी वीज पोहोचवली. पुन्हा अंधार करून बल्ब फिरवला. आता दोन्ही लेनवर उजेड सारखा आहे. सईने तो तीनदा फिरवून पाहिला.

१५ जून, रविवार

उद्या शाळा उघडणार, म्हणून आज काही झाले तरी गाड्या धावल्याच पाहिजेत असा हुकूम होता. धावल्या, आणि पहिल्याच वळणावर दोन्ही भिंतीकडे गेल्या. तयार संचाच्या रुळांत पोलाद असते आणि गाडीच्या पोटातले चुंबक तिला त्यांच्याकडे ओढून धरते. तांब्याला चुंबक चिकटत नाही. सई हिरमुसली, तिला वाटले की आम्ही संचाहून वाईट ट्रॅक केला आहे.

मग चुंबक काढून टाकले आणि दाताच्या मागे पोलादी वायसर चिकटवून वजन दिले. या कामासाठी शिसे वापरण्याची पद्धत आहे, पण मुलांच्या हाताळण्यातल्या वस्तूत ते नको. चाकेही घासली. पॉलिश पेपर रस्त्यावर ठेवायचा, मागची चाके त्यावर टेकवायची आणि कमी विजेवर मिनिटभर फिरू द्यायची, म्हणजे रबर गोल आणि सपाट होते. त्यानंतर जे झाले ते संचावर कधी पाहिले नव्हते. गाडी वळणावर मागून बोटभर सरकते, क्षणभर तिरकी राहते आणि सरळ होते. चुंबक असताना ती एकतर चिकटून राहायची किंवा एकदम उडायची, मधले काही नव्हते. आता ती उडण्याआधी सांगते. सईला हे सांगावे लागले नाही. दहाएक फेऱ्यांनंतर तिचे बोट आपोआप सरळ पट्टी संपण्याआधीच सैल होऊ लागले.

दोष उरला तो असा. एक गाडी पडली की दुसरी अचानक उसळते आणि तीही पडते. दोन्ही कंट्रोलरना जाणारी पहिली दीड मीटर वायर सामाईक आणि जुन्या चार्जरची बारीक आहे. एका गाडीचा प्रवाह थांबला की वायरीतली घट कमी होते आणि उरलेल्या गाडीला एकदम जास्त व्होल्ट मिळतात. शेजाऱ्याच्या पडण्याची शिक्षा आपल्याला, हे सईला अजिबात मान्य नाही.

२२ जून, रविवार

दोन दिवस पालख्या पुण्यात मुक्कामाला असल्याने पेठांतले रस्ते बंद होते. सुटे भाग आधीच आणून ठेवले होते म्हणून आजचे काम अडले नाही. आता १५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा बसवला आहे आणि त्यातून प्रत्येक लेनला स्वतंत्र जाड वायर आणि व्होल्ट ठरवणारा स्वतंत्र बक कन्व्हर्टर दिला आहे. उसळणे थांबले. संचाच्या कंट्रोलरना ब्रेक नव्हता. तो देण्यासाठी चाप पूर्ण सुटला की पितळी पट्टीला टेकेल अशी तिसरी तार घातली. त्यामुळे चाप सोडताच मोटरची दोन टोके आपसात जोडली जातात, फिरती मोटर जनित्र बनते आणि स्वतःच स्वतःला अडवते.

दोन्ही लेनला १२ व्होल्ट ठेवणार होतो. पण सईची गाडी फार पडते, रडारड नको, म्हणून तिच्या लेनचा स्क्रू हळूच फिरवून ९ व्होल्टवर आणला आहे. ही नोंद तिने वाचू नये.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

नोंद वाचावी लागलीच नाही. सकाळपासून शर्यती चालू होत्या आणि सईची गाडी पडत नव्हती, पण जिंकतही नव्हती. लेन बदलून पाहिली. ती बाहेर गेली की मी माझ्या आतल्या लेनचा स्क्रू वर आणि तिचा खाली करायचो. दुपारी मी स्वयंपाकघरात असताना हॉलमधले पडदे ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर ती बल्ब घेऊन फिरत होती. तिने काही न बोलता तो आधी माझ्या लेनवर टेकवला, मग तिच्या.

"मी काय लिंबूटिंबू आहे?"

तू पडू नयेस म्हणून केले, असे मी म्हणालो. पडली तर मी उचलीन, असे तिने सांगितले. आता दोन्ही कन्व्हर्टर तिच्या समोर, मल्टिमीटर लावून, १२ व्होल्टवर आणले आहेत आणि दोन्ही स्क्रूंवर तिने नेलपॉलिशचा थेंब टाकून मोहोर केली आहे.

उरलेल्या ५६ सेंटीमीटरचा निकालही तिनेच लावला. खो-खोमध्ये पाळ्या बदलतात तसे करायचे: दहा फेऱ्या आत, दहा फेऱ्या बाहेर, आणि वीस फेऱ्यांची एकूण वेळ मोजायची. गणितानेही हेच योग्य ठरते. लहान वळणावर आतल्या गाडीला वेग कमी ठेवावा लागतो, तरीही वाट इतकी आखूड असते की ती आधी बाहेर पडते. हा फायदा व्होल्टने भरून काढायला गेलो तर दर शर्यतीला नवा वाद होईल.

आज मला आतल्या लेनवर एका फेरीला सरासरी ३.२ सेकंद लागले. म्हणजे वेग ताशी सहा किलोमीटरच्या आत, झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. मापाच्या ३२ पटीने गुणले की तो ताशी १९० होतो, हे तिने आजोबांना फोन करून कळवले.

तिसऱ्या शर्यतीनंतर दोन्ही गाड्या अचानक बर्फावरून चालल्यासारख्या घसरू लागल्या. वीज तपासली, वायसर तपासले, काही सापडेना. पडलेली गाडी उचलताना आम्ही चाकांना धरत होतो आणि दोघांच्या बोटांना साबुदाण्याच्या खिचडीचे तूप होते. चिकटपट्टीवर चाके फिरवून आणि ट्रॅक स्पिरिटने पुसून गाड्या ताळ्यावर आणल्या. बोर्डाच्या कडेला आता एक ओला नॅपकिन कायम असतो.

२० जुलै, रविवार

दोन आठवड्यांत घडी उघडून मांडणे आणि वायरीचे प्लग जोडणे मिळून चार मिनिटांवर आले आहे. दमट हवेने जोडापाशी बाहेरच्या लेनच्या एका पट्टीचे टोक सुटू लागले होते. ते कडेवरून खाली दुमडून एका बारीक पितळी स्क्रूखाली दाबले. आतल्या लेनची टोके अजून घट्ट आहेत, पण सईच्या सांगण्यावरून तिथेही तसेच स्क्रू बसवले. वहीत आजपर्यंत एकोणीस शर्यती नोंदल्या आहेत: माझ्या अकरा, तिच्या आठ, आणि शेवटच्या पाचांपैकी चार तिच्या. पुढच्या रविवारी वेण्या बदलायच्या आहेत, दोन्ही गाड्यांच्या एकाच वेळी.